स्वकष्टार्जित

मामांनी वयाच्या ७८व्या वर्षी मृत्युपत्र करायला घेतलं आणि पहिल्याच पानावर गाडी अडली.

मामा गिरगावातले. खोताच्या वाडीच्या तोंडाशी असलेल्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर त्यांची खोली आहे. खोली म्हणजे खोलीच. पुढे गॅलरी, मागे मोरी, मध्ये पडदा. वकीलबाई मसुदा घेऊन आल्या होत्या. 'माझ्या स्वकष्टार्जित मिळकतीची व्यवस्था पुढीलप्रमाणे लिहून ठेवीत आहे' आणि खाली यादी. मुदत ठेवी, पीपीएफ, पोस्टातली ज्येष्ठ नागरिक योजना, म्युच्युअल फंड. मी मोबाइलवर बेरीज केली. १ कोटी १२ लाख. मामांनी चष्मा कपाळावर चढवला, आकडा दोनदा वाचला आणि आत वळून म्हणाले, "अगं, ऐकलंस का, आपण करोडपती आहोत." आतून मामी म्हणाली, "मग आता तरी पंखा तीनवर ठेवा."

हसणं ओसरल्यावर मामांनी विचारलं, "आणि खोली? ती यादीत दिसत नाही."

"काका, ती नाही घालता येत," वकीलबाई म्हणाल्या. खोली पागडीची आहे, म्हणजे मामा मालक नव्हेत, भाडेकरू. भाडेकरूला आपला हक्क मृत्युपत्राने कुणाला देता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली मुंबईच्याच एका प्रकरणात स्पष्ट केलेलं आहे. तो हक्क जातो भाडेकरूच्या मृत्यूच्या वेळी त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयाकडे. मामांचा चेहरा पडला. आयुष्यातली सगळ्यात किमती वस्तू त्यांच्या यादीत बसत नव्हती. मला मात्र त्याच क्षणी वाटलं की 'आपल्या हिमतीवर करोडपती' या शब्दांची खरी फोड इथे, या गाळलेल्या ओळीत आहे.

इंग्रजीतल्या 'सेल्फ-मेड मिलियनेअर'ला आपण 'स्वयंभू' म्हणतो. स्वयंभू हा शब्द आपण एरवी गणपतीच्या मूर्तीसाठी वापरतो. कुणी घडवली नाही, जमिनीतून आपसूक वर आली ती मूर्ती. माणसाच्या बाबतीत असं होत नाही, हे कायद्याला फार आधी कळलं होतं, म्हणून त्याने अधिक नेमका शब्द घेतला: स्वकष्टार्जित. त्याच्यासमोर वडिलोपार्जित. यातलं काय कशात मोडतं यावर एकत्र कुटुंबांची डोकी फुटली आहेत. १९२१ मध्ये प्रिव्ही कौन्सिलसमोर असंच प्रकरण आलं. एक मुलगा कुटुंबाच्या पैशावर विलायतेत शिकला आणि आयसीएस झाला. त्याचा पगार त्याचा की कुटुंबाचा? कौन्सिलने निकाल दिला, कुटुंबाचा. शिक्षणाचा खर्च समाईक, तर त्याचं फळही समाईक.

सुशिक्षित नोकरदार वर्गात खळबळ माजली, आणि मध्यवर्ती कायदेमंडळात यावर विधेयक घेऊन उभे राहिले ते मुंबईचे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. त्यातून १९३० चा 'हिंदू गेन्स ऑफ लर्निंग' कायदा झाला: विद्येवर केलेली कमाई ज्याची त्याची, मग शिक्षणाचा खर्च कुणीही केलेला असो. जयकर पाठारे प्रभू. ज्या खोतांच्या नावाने ही वाडी ओळखली जाते तेही पाठारे प्रभूच. त्यांनी इथल्या जमिनीचे तुकडे ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांना विकले आणि लाकडी जिन्यांच्या, नक्षीदार कठड्यांच्या टुमदार घरांची ही वाडी वसली. एवढा योगायोग मला पुरे आहे.

कायदा चांगलाच झाला. पण त्याने एक प्रश्न कायमचा मिटवला, जो विचारत राहायला हवा होता: खर्च कुणी केला?

मामांचंच बघू. १९६६ साली राजापूरहून एसटीने मुंबईला आले, ट्रंक आणि काकांचा पत्ता घेऊन. काकांच्या १८० चौरस फुटांत नऊ माणसं. मामा गॅलरीत झोपायचे, दिवसा टायपिंगच्या क्लासला, रात्री कॉलेजला. पुढे विमा कंपनीत कारकून झाले आणि साठाव्या वर्षी तिथूनच निवृत्त. काका वारल्यावर खोली त्यांच्याकडे आली. भाडं आजही दीडशेच्या आत. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने घरभाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली. तो कायदा तात्पुरता म्हणून आला आणि मुदतवाढीवर मुदतवाढ घेत पन्नास वर्षं राहिला. १९९९ चा नवा कायदा २००० मध्ये लागू झाला, तेव्हाही जुन्या भाडेकरूंना त्याने फारसा धक्का लावला नाही. म्हणजे मामांच्या पगारातून घरावर जे जायला हवं होतं ते जवळजवळ गेलंच नाही. ते पीपीएफमध्ये गेलं.

मामा कष्टाळू आहेत. चाळीस वर्षं ८.१२ ची लोकल, घरचा डबा, दिवाळीला एक शर्ट. त्यांच्या कष्टाबद्दल मी एक शब्द कमी करणार नाही. पण त्यांच्या धंद्यात एक झोपलेला भागीदार होता, तो म्हणजे ती खोली. आणि त्या भागीदाराचा भार उचलला घरमालकाने, ज्याला दीडशे रुपयांत गळकं छप्पर दुरुस्त करायचं होतं. त्याने ते केलं नाही, हे ओघाने आलंच.

असा झोपलेला भागीदार मोठ्यांनाही लाभला. धीरूभाई अंबानी १९५८ मध्ये एडनहून परतले, सांगतात ते १५ हजारांचं भांडवल घेऊन, आणि संसार थाटला तो भुलेश्वरच्या चाळीत. इथून चालत पंधरा-वीस मिनिटं. कापडबाजारही हाकेच्या अंतरावर. त्या पंधरा हजारांतले महिन्याला दोन-तीनशे भाड्यात गेले असते तर काय झालं असतं याचा हिशेब कुणी मांडत नाही. मांडावा असं मला वाटतं.

आता जरा कोटीकडे. 'मिलियनेअर' म्हणजे शब्दशः दहा लाखांचा धनी, पण डॉलरमध्ये. आपल्याकडे आधी लक्षाधीश होता. त्याचं काय झालं बघा: आज केंद्र सरकारची 'लखपती दीदी' योजना आहे आणि त्यात लखपती म्हणजे वर्षाला घरचं किमान एक लाख उत्पन्न असलेली बचत गटातली बाई. महिन्याला साडेआठ हजारही लागत नाहीत. कोटीचीही वाट तीच आहे. ३ जुलै २००० ला 'कौन बनेगा करोडपती' सुरू झालं, तेव्हा एक कोटी ऐकून घरोघरी हात तोंडावर गेले होते. प्राप्तिकर खात्याचा महागाई निर्देशांक २००१-०२ साली १०० धरलेला आहे. २०२५-२६ साठी तो ३७६ आहे. म्हणजे तेव्हाच्या कोटीची ऐट आज मिरवायची तर पावणेचार कोटी हवेत. २०१९ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या बबिता ताडे यांनी त्याच खेळात एक कोटी जिंकले. त्या शाळेत खिचडी शिजवायच्या, महिना १,५०० रुपये मानधनावर. त्यांच्या तालुक्यात कोटी म्हणजे कोटीच. गिरगावात तेवढ्याच पैशांत बिल्डरच्या ऑफिसातला मुलगा चहा देतो आणि 'सर, थोडं बजेट वाढवा' म्हणतो.

नाइट फ्रँक या कंपनीच्या संपत्ती अहवालांप्रमाणे दहा लाख डॉलरना मुंबईच्या उंची वस्तीत साधारण १०० चौरस मीटर जागा येते. हजार-अकराशे चौरस फूट. साडेआठ-नऊ कोटींना! आणि त्याच कंपनीच्या २०२३ च्या अहवालात देशातल्या सर्वांत श्रीमंत एक टक्क्यात बसायला १ लाख ७५ हजार डॉलर, तेव्हाच्या दराने १ कोटी ४५ लाखांच्या आसपास, पुरे होते. मामांनी खोलीची किंमत धरली तर ते त्यात आरामात बसतात. गॅलरीत धोतर वाळत घालणारा माणूस देशातल्या वरच्या एक टक्क्यात. आज करोडपती असण्याचा अर्थ इतका विचित्र झाला आहे.

खोलीची किंमत कशी धरायची? इमारत उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्ती उपकर भरणारी जुनी, असेल तर पुनर्विकासात भाडेकरूला किमान ३०० चौरस फुटांचं घर मिळतं, मालकीचं आणि फुकट. गिरगावात दर चौरस फुटाला ४० हजार धरला तरी १ कोटी २० लाख. चाळीस वर्षांच्या बचतीपेक्षा जास्त, आणि त्यासाठी मामांनी काय केलं? खोली सोडली नाही.

मामांच्या वरच्या मजल्यावर लातूरचा एक मुलगा राहतो, तिघांत एक खोली. डेटा ॲनालिस्ट आहे. मामांपेक्षा हुशार आहे, हे मामाच सांगतात. नुसत्या कॉटचे महिन्याला ११ हजार देतो. फोनवर जाहिरात येते: दरमहा १० हजारांची एसआयपी करा, २० वर्षांत करोडपती व्हा. गणित बरोबर आहे. १२ टक्के परतावा धरला तर ९९ लाख ९० हजार होतात. पण महागाई ६ टक्के धरली तर वीस वर्षांनंतरच्या त्या कोटीची आजची किंमत ३१ लाख. जाहिरातीत हे मुंगीएवढ्या अक्षरांतही नसतं. शिवाय तो दहा हजार आणणार कुठून? तेच तर कॉटला जातात. मामांची एसआयपी १९४७ च्या कायद्याने भरली. या मुलाची कॉट भरते आहे दुसऱ्या कुणाची तरी.

मग अशी मुलं शॉर्टकट शोधतात. फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत उतरलेल्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ टक्के तोट्यात गेले, सरासरी दोन लाखांनी, असं सेबीनेच २०२४ मध्ये सांगितलं. मुंबईला हे नवं नाही. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाला सोन्याचा भाव आला तेव्हा याच किनाऱ्यावर बॅक बेच्या भरावाचे शेअर वेड्यासारखे चढले आणि १८६५ च्या जुलैत रातोरात झालेले लक्षाधीश रातोरात उतरले.

'फोर्ब्स' नियतकालिक अमेरिकी धनिकांना स्वयंनिर्मितीचे गुण देतं, एक ते दहा. एक म्हणजे बापाचं आहे तेवढंच राखणारा, दहा म्हणजे दारिद्र्यातून अडथळे ओलांडून आलेला. २०१८ मध्ये त्यांनी कायली जेनर या प्रसिद्ध घराण्यातल्या मुलीला 'स्वयंनिर्मित' म्हणून मुखपृष्ठावर छापलं तेव्हा जग हसलं. गुण देण्याची कल्पना मला तरीही आवडते. फक्त प्रश्नपत्रिका आपण काढू.

माझ्या पत्रिकेत सगळ्यांत जास्त गुण अशोक खाडे यांना आहेत. सांगली जिल्ह्यातल्या पेड गावचे. वडील दादरला चित्रा टॉकीजजवळ झाडाखाली बसून चपला शिवायचे. थोरले बंधू दत्ता माझगाव डॉकमध्ये लागले, त्यांच्या पाठोपाठ अशोक, १९७५ मध्ये. तिथे शिकले, त्या सरकारी गोदीनेच १९८३ मध्ये त्यांना पाणबुडीच्या कामासाठी जर्मनीला पाठवलं. परतल्यावर पुढे तिघा भावांनी कंपनी काढली. आज ती समुद्रातल्या तेलविहिरींच्या फलाटांची कामं करते. नाव 'दास ऑफशोर'. दास म्हणजे दत्ता, अशोक, सुरेश. मिलिंद खांडेकरांच्या 'दलित करोडपती' या पुस्तकात ही कहाणी आहे. जातीचं ओझं घेऊन इतकं चढलेला माणूस, ज्याला 'मी एकट्याने केलं' म्हणायचा सगळ्यांत जास्त अधिकार होता, त्याने भावांची नावं पाटीवर लावली.

संध्याकाळी वाडीतून चक्कर मारली. आयडियल वेफरच्या तळणीचा वास, पलीकडे रिकामं पडलेलं एक घर. एके काळी इथे ६५ घरं होती असं सांगतात. आज तिशीच्या आत आहेत. ज्यांची उरली आहेत ते कागदावर कित्येक कोटींचे धनी आहेत आणि सागवानी कठडा बदलायचा खर्च ऐकून गप्प बसतात. 'अनंताश्रम' ही खाणावळ बंद होऊनही आता बरीच वर्षं झाली. मोजक्या पैशांत भात-आमटी-मासा खाऊन इथली किती एकटी पोरं नोकरीला लागली. त्या ताटालाही कुणाच्या मृत्युपत्रात जागा नाही.

मामांनी शेवटी मसुदा परत पाठवला. वकीलबाईंना सांगितलं, यादीच्या वर एक ओळ घाला: ही मिळकत मी महिना दीडशे रुपयांहून कमी भाड्याच्या खोलीत राहून जमवली आहे. वकीलबाई म्हणाल्या, काका, कायद्याने या ओळीला काही अर्थ नाही. मामा म्हणाले, नसू दे, घाला.

तुम्हीही मृत्युपत्र करायला बसाल, तेव्हा ही ओळ घाला. तुमचं भाडं किती होतं ते आकड्यात लिहा, आणि ते कुणी भरलं तेही.