पंधरावी काठी

घरातील वडीलधारे माणूस गेले म्हणजे आपल्याकडे घराचा नित्यक्रम थांबतो. प्रांतोप्रांतीचे आचार निराळे असतील. कोठे दहा दिवस पाळतात, कोठे तेरा, कोठे चाळीस. परंतु सणवार, मंगलकार्ये, करमणूक या साऱ्यांवर काही काळ पडदा पडतो आणि खेळाचा विचार तर कोणाच्या मनातही येत नाही. अशा वेळी एखादा मनुष्य आपल्या गुरूच्या शवपेटिकेला खांदा देऊन दुसऱ्याच दिवशी खेळाच्या मैदानावर उभा राहिला असे कोणी सांगितले, तर वाचकहो, आपल्यापैकी पुष्कळांना ते खटकेल. ही हकीकत प्रथम वाचनात आली तेव्हा मलाही ती खटकली होती. तिचा तपशील पाहिल्यावर मात्र मत बदलले. ते का बदलले, हे सांगण्यासाठीच हा लेख.

प्रथम खेळाविषयी थोडेसे. गोल्फ आपल्या देशाला नवा नाही. कलकत्त्याचा गोल्फ क्लब १८२९ साली स्थापन झाला आणि ब्रिटिश बेटांबाहेरचा तो सर्वांत जुना क्लब समजला जातो. तथापि बहुसंख्य घरांत या खेळाची माहिती नसते. विस्तीर्ण हिरव्या मैदानावर अठरा ठिकाणी सव्वाचार इंच व्यासाचे खळगे केलेले असतात. गोट्या खेळताना मुले खणतात तसलेच, पण अधिक नीटस. काठीच्या टोल्याने लहानसा चेंडू एकामागून एक या खळग्यांत पोहोचवावयाचा. ज्याला कमीत कमी टोले लागतील तो जिंकला. मोठ्या स्पर्धेत हा फेरा चार दिवसांत चार वेळा होतो. खेळाडूने जवळ चौदाहून अधिक काठ्या बाळगू नयेत असा नियम आहे. हा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा.

या खेळाची खरी गंमत, किंवा खरी शिक्षा म्हणा, ती निराळीच आहे. क्रिकेटच्या फलंदाजाकडे चेंडू वेगाने येतो आणि त्याला विचार करावयास सवड देत नाही. गोल्फचा चेंडू जमिनीवर निश्चल पडून आपली वाट पाहतो. एका फेऱ्यास चार-पाच तास लागतात. त्यांत प्रत्यक्ष टोले मारण्याचा वेळ मोजला तर तो काही मिनिटांचाच भरेल. उरलेला सगळा वेळ चालण्याचा आणि मनाशी बोलण्याचा असतो. ज्याच्या मनात ताजे दुःख आहे त्याला ही वाट किती लांब वाटत असेल!

आता मूळ हकीकत. अमेरिकेतील टेक्सास राज्यात ऑस्टिन नावाचे शहर आहे. तेथील कंट्री क्लबमध्ये हार्वी पेनिक हे गोल्फचे शिक्षक होते. आठव्या वर्षी दुसऱ्यांच्या काठ्या वाहणारा मुलगा म्हणून ते या मैदानावर आले आणि पुढे १९२३ पासून १९७१ पर्यंत तेथील प्रमुख शिक्षक राहिले. शिष्यांना शिकविताना जे सुचे ते एका लाल वहीत टिपून ठेवण्याची त्यांना सवय होती. ही वही त्यांनी कित्येक वर्षे मुलाखेरीज कोणाला दाखविली नाही. अखेर १९९२ साली ती पुस्तकरूपाने निघाली आणि खेळावरील सर्वाधिक खपलेल्या पुस्तकांत जाऊन बसली. त्यांचे दोन शिष्य पुढे नावारूपाला आले, बेन क्रेनशॉ आणि टॉम काइट. एकाचा धडा चालू असताना पेनिक दुसऱ्याला तेथे उभे राहू देत नसत, असे सांगतात. एकाला दिलेले औषध दुसऱ्याने घेऊ नये, हा त्यामागील विचार असावा.

१९९५ च्या मार्च महिन्यात नव्वदीचे पेनिक अंथरुणास खिळले होते. क्रेनशॉ भेटीस गेला. त्याचे वय तेव्हा त्रेचाळीस होते आणि खेळ बिघडलेला होता. वृद्ध गुरूने पडल्या पडल्याच त्याला एक जुनी काठी हाती घ्यावयास सांगितली आणि खोलीतील गालिच्यावर त्याचा धडा घेतला. दोनदा सराव कर, काठीचे टोक हातांच्या पुढे जाऊ देऊ नकोस आणि मग स्वतःवर विश्वास ठेव, एवढाच त्या धड्याचा आशय होता. तो अखेरचा ठरला. २ एप्रिल रोजी पेनिक निवर्तले.

त्याच आठवड्यात जॉर्जिया राज्यातील ऑगस्टा येथे 'मास्टर्स' ही नामांकित स्पर्धा होती. बुधवारी, ५ एप्रिल रोजी, क्रेनशॉ आणि काइट विमानाने ऑस्टिनला गेले, त्यांनी गुरूच्या शवपेटिकेला खांदा दिला आणि त्याच दिवशी ते ऑगस्टाला परतले. गुरुवारी स्पर्धा सुरू झाली. रविवारी क्रेनशॉ २७४ टोल्यांत पहिला आला. ज्या हळुवार टोल्यांचा धडा गुरूने गालिच्यावर दिला होता त्यांत तो चारही दिवस चुकला नाही. बहात्तर खळग्यांपैकी एकाही ठिकाणी हिरवळीवर त्याला तिसरा टोला घ्यावा लागला नाही. केवळ एका टोल्याने मागे राहिलेला डेव्हिस लव्ह हाही पेनिकांच्याच परंपरेतला, कारण त्याचे वडील पेनिकांचे शिष्य होते.

शेवटचा चेंडू खळग्यात पडला तेव्हा क्रेनशॉ जागच्या जागी कमरेत वाकला आणि दोन्ही हातांत तोंड झाकून रडू लागला. त्याच्या काठ्या वाहणारा कार्ल जॅक्सन पुढे आला आणि त्याने पाठीवर हात ठेवला. या जॅक्सनचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाणे अन्यायाचे होईल. लहानपणापासून ऑगस्टाच्या मैदानावर राबलेल्या या मनुष्यानेच, स्पर्धेपूर्वी दोन दिवस, क्रेनशॉच्या उभे राहण्यातील दोष अचूक हेरून दुरुस्त करविला होता. गुरू गेला तरी शिकविणारा कोणी ना कोणी जवळ असतो, तो असा.

आपल्या पिशवीत त्या आठवड्यात पंधरावी काठी होती आणि ती म्हणजे हार्वी, असे क्रेनशॉ नंतर म्हणाला. चौदांचा नियम ज्याला ठाऊक आहे त्यालाच या बोलण्यातील गोडी कळेल. मला येथे स्वयंपाकघराची आठवण होते. आई गेल्यानंतर पहिल्यांदा तिच्या पद्धतीचे लोणचे घालणाऱ्या मुलीला मीठ मोजावे लागत नाही. हात आपोआप थांबतो. त्या क्षणी मुलीला आई आठवते असे म्हणण्यापेक्षा आई हातांतच असते असे म्हणणे अधिक खरे नव्हे काय? क्रेनशॉने सुतक मोडले असे मला आता वाटत नाही. गुरूने जे दिले होते तेच त्याने चार दिवस काळजीपूर्वक केले.

प्रत्येक वेळी असे साधतेच असे मात्र नाही. टायगर वुड्सला त्याच्या वडिलांनी, अर्ल वुड्स यांनी, तान्हेपणापासून हा खेळ शिकविला. ३ मे २००६ रोजी ते वारले. जून महिन्यात वुड्स अमेरिकन ओपन स्पर्धेत उतरला आणि पहिल्या दोन दिवसांतच बाद झाला. व्यावसायिक झाल्यापासून कोणत्याही प्रमुख स्पर्धेत त्याच्यावर ही पाळी पूर्वी आली नव्हती. जुलैमध्ये इंग्लंडातील हॉयलेक येथे तो पुन्हा उभा राहिला. लांब टोल्यांविषयी प्रसिद्ध असलेल्या या खेळाडूने सर्वांत लांब पल्ल्याची काठी चार दिवसांत एकदाच वापरली, धीर धरून खेळला आणि जिंकला. मग तोही काठ्या वाहणाऱ्या सहकाऱ्याच्या खांद्यावर डोके टेकून ढसढसा रडला. वडिलांनी हे आणखी एकदा पाहावयास हवे होते, असे तो म्हणाला. वृत्तपत्रांनी त्याच्या अश्रूंविषयी पुष्कळ लिहिले. दोन टोल्यांनी दुसरा आलेल्या ख्रिस डिमार्कोची आई त्याच महिन्याच्या ४ तारखेला अचानक वारली होती, हे मात्र त्या मानाने थोड्यांच्याच लक्षात राहिले. एकाच हिरवळीवर दोघे शोक करीत होते आणि त्यांपैकी एकालाच करंडक मिळावयाचा होता.

त्याच वर्षी १३ ऑगस्टला उत्तर आयर्लंडच्या डॅरेन क्लार्कची पत्नी हेदर कर्करोगाने गेली. दोन लहान मुलगे मागे राहिले. चाळीस दिवसांनी आयर्लंडातच युरोप विरुद्ध अमेरिका असा रायडर करंडकाचा सामना होता आणि आपण खेळावे अशीच पत्नीची इच्छा असती, असे मानून तो उतरला. पहिल्या टोल्याच्या वेळी जमावाने केलेल्या जयघोषात कोणालाही काठी नीट धरवली नसती. त्याने टोला सरळ मारला आणि आपले तिन्ही सामने जिंकले.

स्मरणाचे रूप नेहमी विजयाचेच असते असे नाही. अमेरिकेत दिवंगताच्या नावाने एक दिवस गोल्फ खेळून जमलेली वर्गणी रुग्णालयास देण्याची रीत पुष्कळ घरांत आहे. पेन स्टुअर्ट या खेळाडूचे वडील १९८५ साली कर्करोगाने गेले. १९८७ साली त्याने फ्लॉरिडात एक स्पर्धा जिंकली आणि बक्षिसाची १,०८,००० डॉलरची सगळी रक्कम वडिलांच्या स्मरणार्थ तेथील रुग्णालयाला देऊन टाकली. पुढे ऑक्टोबर १९९९ मध्ये विमान अपघातात तो स्वतः गेला. दुसऱ्या वर्षी कॅलिफोर्नियात पेबल बीच येथे अमेरिकन ओपन भरली, तेव्हा स्पर्धेच्या पूर्वदिनी सकाळी एकवीस खेळाडू समुद्रकाठी ओळीने उभे राहिले आणि त्यांनी एकवीस चेंडू पाण्यात टोलविले. तोफांच्या सलामीचेच हे रूप होते.

या साऱ्यांच्या कितीतरी आधीची एक कथा स्कॉटलंडात आजही सांगितली जाते. टॉम मॉरिस नावाचे बाप-लेक सेंट अँड्र्यूज गावचे. मुलाने सतराव्या वर्षी ओपन स्पर्धा जिंकली आणि एकंदर चार वेळा ती पटकावली. सप्टेंबर १८७५ मध्ये नॉर्थ बर्विक येथे बाप-लेक एकत्र खेळत असताना, सुनेची प्रसूती अवघड झाल्याची तार आली. सामना आटोपून दोघे नावेने खाडी ओलांडून निघाले. घरी पोहोचण्यापूर्वीच आई व मूल दोघेही गेली होती. मित्रांच्या आग्रहाने धाकटा टॉम पुन्हा काठी घेऊन उभा राहिला. हिवाळ्यात, बर्फ पडत असताना, अनेक दिवस चाललेला एक सामना तो खेळला आणि जिंकलाही. त्याच वर्षी नाताळच्या दिवशी, वयाच्या चोविसाव्या वर्षी, तो वारला. मित्रांचा आग्रह योग्य होता की नव्हता, हे कोण ठरविणार?

थोरला टॉम पुढे १९०८ पर्यंत जगला आणि त्यातील बराच काळ त्याच मैदानाची निगा राखीत राहिला. मुलाच्या थडग्यावर साठ गोल्फ मंडळांनी वर्गणी काढून शिल्प उभारले. त्यात धाकटा टॉम टोला मारण्याच्या पवित्र्यात, डोक्यावर टोपी आणि हातात काठी, असा कोरलेला आहे. पित्याचे दफनही त्याच्याजवळच झाले. तेथे येणारे खेळाडू थडग्यावर खिशातला चेंडू ठेवून जातात.