एकच टेबल, दोन टर्मिनल

उबुंटूच्या टर्मिनलमध्ये ‘सुडो एपीटी इन्स्टॉल पोस्टग्रेएसक्यूएल’ एवढी एक ओळ टाका. १९८६ साली बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांच्या हाताखाली सुरू झालेला डेटाबेस थोड्याच वेळात तुमच्या टेबलावरच्या संगणकात चालू लागतो, तोही फुकट!

पहिला अचंबा दारातच. ‘सुडो -यू पोस्टग्रेस पीएसक्यूएल’ म्हटले की तुम्ही आत. सुडोला तुमचा पासवर्ड लागेल, पण डेटाबेस स्वतः काहीच विचारत नाही. कारण समोर कोण आहे, हे तो थेट लिनक्सच्या कर्नललाच विचारतो आणि त्याच्या शब्दावर विश्वास ठेवतो.

आता ‘पुस्तके’ नावाचे छोटे टेबल बनवा, चार ओळी भरा आणि दुसऱ्या टर्मिनलमधूनही आत शिरा. पहिल्यात आधी ‘बिगिन’ म्हणून व्यवहार (ट्रान्झॅक्शन) सुरू करा आणि मग सगळी पुस्तके डिलीट करण्याची आज्ञा द्या. सिलेक्ट करून पाहा: टेबल रिकामे. तीच क्वेरी दुसऱ्या टर्मिनलमध्ये चालवा: चारही पुस्तके जागच्या जागी!

दोन्ही उत्तरे खरी आहेत. पोस्टग्रेस डिलीट करताना ओळ पुसतच नाही. कोणत्या व्यवहाराने ती काढली, त्याचा क्रमांक तिच्यावर नोंदवतो. तो व्यवहार पक्का होईपर्यंत इतरांना ती दिसत राहते. म्हणून पहिल्यात ‘रोलबॅक’ म्हणताच पुस्तके क्षणात परत येतात. ती कुठे गेलेलीच नसतात. अख्खे टेबल ‘ड्रॉप’ केले तरी रोलबॅकने ते परत मिळते. आणि खरोखर काढलेल्या ओळींचे काय? त्यांची जागा पुढे ‘व्हॅक्यूम’ नावाची प्रक्रिया मोकळी करते.

व्यवहार पक्का करायला ‘कमिट’ म्हटल्यावरची गंमत आणखी मोठी. पेढीवरचा मुनीम आधी रोजकीर्द लिहितो आणि मग सवडीने खतावणी करतो. पोस्टग्रेसही तसेच करतो. बदल आधी लॉगमध्ये उतरतो. या लॉगच्या फाइली साधारणपणे १६ एमबीच्या असतात. नोंद डिस्कवर पोहोचली की ‘कमिट’ असे उत्तर येते, टेबलाची मूळ फाइल नंतर सावकाश बदलते. मध्येच वीज गेली तर? डिस्क शाबूत असली की सर्व्हर पुन्हा सुरू होताना लॉग वाचतो आणि राहिलेली कामे पुरी करतो. अर्धवट व्यवहार मात्र झालेच नाहीत असे धरतो.

लाखो व्यवहार सांभाळणाऱ्या सर्व्हरवर चालते तीच ही यंत्रणा, काटछाट न केलेली. तेव्हा हा प्रयोग जरूर करून पाहा. फक्त डिलीटच्या आधी ‘बिगिन’ लिहायला विसरू नका. नाहीतर आज्ञा लगेच पक्की होते आणि मग रोलबॅकचाही इलाज चालत नाही.