झाडाला गजकर्ण झालंय का?

२०१९ च्या डिसेंबरात यवतमाळकडच्या टिपेश्वरचा एक तरणा वाघ चालत चालत बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात येऊन पोचला. त्याला 'वॉकर' हे नाव उगीच नाही पडलं. गळ्यातल्या रेडिओ कॉलरवरून त्याची सगळी भटकंती मोजली, तेव्हा ती ३,००० किलोमीटरच्या घरात निघाली! पेपरात फोटो, टीव्हीवर नकाशे, जिकडेतिकडे त्याचंच कौतुक. पण त्याच भागातल्या झाडांच्या साली धरून एक असा रहिवासी बसलाय, जो जन्मात तसूभरही हलत नाही. त्याच्याकडे कोण बघतं?

तसं तुम्ही त्याला बघितलंय. शाळेच्या आवारात नाहीतर शेताच्या धुऱ्यावर जुना आंबा असतो, त्याच्या खोडावर राखाडी-पांढरे गोल चट्टे दिसतात ना, तेच. कुणाला वाटतं चुना उडाला, कुणाला वाटतं पाखरांनी घाण केली. एका छोटीने तर विचारलं, "झाडाला गजकर्ण झालंय का?" प्रश्न अगदीच वेडा नव्हता बरं का. गजकर्ण होतं बुरशीमुळे, आणि या चट्ट्यातही बुरशी आहेच. फक्त ती एकटी नाही.

या प्रकाराला म्हणतात शैवाक, म्हणजेच लायकेन. यात बुरशीच्या धाग्यांमध्ये हिरवं शैवाल राहतं. व्यवहार आपल्याकडच्या बटईच्या शेतीसारखा. जागा बुरशीची, राबायचं शैवालाने. उन्हात साखर तयार करतं शैवाल, आणि तिच्यातला भलामोठा वाटा घेऊन जाते बुरशी. बदल्यात शैवालाला आडोसा आणि ओलावा मिळतो. हा सौदा बरोबरीचा आहे की शैवालावर अन्याय आहे, यावर शास्त्रज्ञांची अजून जुंपते. मला विचाराल तर बुरशी जरा लबाडच आहे.

१८६७ मध्ये सायमन श्वेंडेनर या स्विस शास्त्रज्ञाने पहिल्यांदा सांगितलं, की शैवाक हा एक जीव नाही, दोघांची जोडी आहे. तेव्हा भलेभले तज्ज्ञ खवळले. त्यात सगळ्यांत पुढे होते विल्यम निलँडर. ते मूळचे फिनलंडचे, पण राहायचे पॅरिसला. त्यांनी हे शेवटपर्यंत मान्य केलं नाही! यांचं नाव लक्षात ठेवा, ते परत भेटणार आहेत.

चट्टे पाडणारे शैवाक पुष्कळ आहेत. त्यातल्या एकाची आज ओळख करून घेऊ. त्याचं नाव पिक्सिन कोकोस. उष्ण प्रदेशात जगभर सापडणारा, भारताच्या मैदानी भागातल्या आंब्यांवर आणि रस्त्याकडेच्या झाडांवर नेहमी दिसणारा. ओलोफ स्वार्ट्झ नावाचे स्वीडिश शास्त्रज्ञ वेस्ट इंडीजमध्ये फिरून आले आणि १७८८ मध्ये त्यांनी याची नोंद केली. 'कोकोस' म्हणजे नारळाचा. बुलडाण्यात नारळ शोधत बसू नका, आंबा चालतो त्याला.

आता भिंग घ्या आणि नाक सालीला लागेल इतकं जवळ जा. लांबून सपाट वाटणारा चट्टा मध्यातून बाहेरच्या बाजूला फाकत गेलेला दिसेल. जेमतेम मिलिमीटरभर रुंदीच्या चपट्या फांद्या, त्यांच्या टोकांवर पांढरी भुकटी. कुठेकुठे बारीक काळ्या चकत्या असतील. तिथे बुरशीचे बीजाणू तयार होतात. कडांवर पिठासारखे कण सुटलेले दिसले, तर ते खास आहेत. एकेका कणात बुरशी आणि शैवाल दोघंही असतात. वाऱ्याने कण दुसऱ्या झाडावर नेऊन टाकला की जोडी तयारच, तिथे जोडीदार शोधायची भानगड नाही.

आता खरी गंमत. दुकानदार नोटा तपासायला जांभळ्या उजेडाची टॉर्च वापरतात, ती माहितीय? मोठ्या माणसाला बरोबर घेऊन अंधारात ती या चट्ट्यावर मारा. दिवसा राखाडी दिसणारा पिक्सिन पिवळाधमक उजळतो! त्याच्या अंगात लायकेझँथोन नावाचं रसायन असतं, त्याची ही करामत. शेजारचे काही चट्टे मात्र ढिम्म राहतील, कारण त्यांच्यात हे रसायन नसतं. टॉर्च कुणाच्याही डोळ्यांवर मारायची नाही, हे मात्र पक्कं.

मे महिन्यात मलकापूर-शेगावकडे ऊन मी म्हणतं, तेव्हा शैवाक अक्षरशः वाळून जातो आणि सगळं कामकाज बंद करतो. मेला नाही हं! मृगाची सर आली की पुन्हा सुरू. कोरड्या चट्ट्यावर थोडं पाणी शिंपडून बघा, रंग जरा हिरवट होईल. ओली झाली की वरची कातडी पारदर्शक होते आणि आतलं शैवाल डोकावतं. त्याचेच काही भाऊबंद २००५ मध्ये युरोपच्या शास्त्रज्ञांनी अंतराळात उघड्यावर ठेवले होते, सुमारे पंधरा दिवस. परत आणल्यावर ते पुन्हा कामाला लागले.

आणि आता निलँडर. १८६६ मध्ये त्यांनी पाहिलं, की पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेत शैवाक भरपूर आहेत, पण शहरात इतरत्र नाहीत. कारण हवा! शैवाकाला मुळं नसतात. हवेतून आणि पावसातून येईल ते तो अंगात घेतो, धूर असला तर धूरही. नाजूक जाती त्याने मरतात. पिक्सिन चिवट आहे, तो मरत नाही, साठवून ठेवतो. म्हणूनच उत्तर प्रदेशात रायबरेलीच्या कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्राच्या आसपास लखनौच्या शास्त्रज्ञांनी पिक्सिन कोकोस गोळा करून त्यात धातू किती साठलेत ते तपासलं. (आणि या जातीला पिक्सिनच्या घराण्यात बसवलं कुणी? याच निलँडर आजोबांनी.)

झाडाचं तो काही खात नाही, फक्त सालीवर बसतो. तेव्हा खरवडू नका. संत्र्याच्या बागेत खोडाला फिकट निळसर लेप दिसला, तर तो शैवाक नाही. ती बोर्डो पेस्ट, मोरचूद आणि चुन्याची. पेरूवर शोधलात तर फारसं हाती लागणार नाही, कारण त्याची साल पापुद्र्यांनी गळते.

वाढ मोजायची असेल तर पारदर्शक प्लॅस्टिक चट्ट्यावर धरा, मार्करने कड गिरवा, कोपऱ्यात तारीख लिहा. पुढच्या वर्षी त्याच दिवसांत पुन्हा गिरवा. वर्षाची वाढ काही मिलिमीटरच असते, म्हणून रेघ बारीक हवी. आणि चट्टा एकटा असलेला निवडा. शेजाऱ्याला भिडलेला असेल, तर त्या बाजूने तो वाढायचाच नाही.