ताडाच्या शेंड्याला पाणी कसं चढतं आणि किडनी कचरा कसा ओळखते?

विहिरीच्या काठावर बसवलेली साधी मोटर पाणी किती खोलवरून ओढू शकते? कागदावर साधारण १० मीटर, प्रत्यक्षात ७-८ मीटर. त्यापुढे जास्त हॉर्सपॉवरची मोटर आणली तरी उपयोग होत नाही. कारण मोटर पाणी ओढत नसतेच. ती पाइपातली हवा काढते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी वर ढकलतो. तो दाब पाण्याचा जेमतेम १० मीटरचा स्तंभ पेलतो. म्हणूनच बोअरवेलची मोटर खाली पाण्यात सोडावी लागते.

आता ताडाचं झाड बघा. डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात, कैनाड आणि आसपासच्या गावांत ताड कुणालाच नवीन नाही. २० मीटर उंची त्याच्यासाठी किरकोळ. त्याच्या बुंध्यात मोटर नाही, हृदय नाही, एकही हलणारा भाग नाही. तरी शेंड्याची पानं भर उन्हाळ्यात हिरवीगार असतात.

मग हे चालतं कसं? आणि आपल्या शरीरात हृदयासारखा पंप असताना आपली सिस्टिम जास्त नाजूक का? चला, एकेक भाग उघडून बघूया.

पाणी वर चढवणारी ताकद वरच असते

झाडात दोन वेगळ्या पाइपलाइन असतात. एक जलवाहिनी, म्हणजे झायलम. ती मुळांकडून पानांकडे पाणी आणि क्षार नेते. दुसरी रसवाहिनी, म्हणजे फ्लोएम. ती पानांत तयार झालेली साखर बाकी झाडाला पोचवते.

जलवाहिन्यांचे पाइप मेलेल्या पेशींचे असतात. आतून पूर्ण पोकळ, अतिशय बारीक नळ्या. पानांच्या रंध्रांतून पाण्याची वाफ बाहेर पडते, तेव्हा पानातलं पाणी कमी होतं आणि ते मागच्या पाण्याला खेचतं. पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात, त्यामुळे ही ओढ साखळीसारखी थेट मुळांपर्यंत पोचते. ही कल्पना डिक्सन आणि जोली या शास्त्रज्ञांनी १८९४ मध्ये मांडली आणि आजही तीच मान्य आहे.

म्हणजे झाड पाणी खालून ढकलत नाही, वरून ओढतं. एनर्जी सूर्य देतो, झाडाचं वीजबिल शून्य! पण याची किंमत आहे. मुळांनी घेतलेल्या पाण्यापैकी ९५ टक्क्यांहून जास्त पाणी वाफ होऊन उडून जातं. शिवाय जमीन फार कोरडी पडली की ही ताणलेली साखळी तुटते, नळीत हवेचा बुडबुडा शिरतो आणि ती नळी बंद पडते. दुपारच्या कडक उन्हात झाडं रंध्रं मिटून घेतात ती याचसाठी. नेटवर्क कोसळण्याआधी लोड कमी करायचा, इतकं साधं.

ताडी म्हणजे झाडाची दुसरी पाइपलाइन

रसवाहिनीतला रस बघायला लॅब लागत नाही. ताडाच्या फुलोऱ्याला काप देऊन खाली मडकं बांधतात, त्यात थेंबथेंब जमा होतो तोच हा रस. ताजा असताना ती नीरा. यीस्ट साखरेवर काम करू लागलं की तिची ताडी होते. या रसात साधारण १० ते १५ टक्के साखर असते.

हा रस वाहतो कशामुळे? पानं रसवाहिनीत साखर भरतात. साखर जास्त झाली की शेजारून पाणी आत शिरतं आणि दाब वाढतो. दुसऱ्या टोकाला, म्हणजे मूळ, फळ किंवा फुलोरा असेल तिथे, साखर वापरली जाते आणि दाब उतरतो. जास्त दाबाकडून कमी दाबाकडे रस वाहतो. अर्न्स्ट म्युंच या जर्मन शास्त्रज्ञाने १९३० मध्ये हे सविस्तर मांडलं. फुलोऱ्याला काप दिला की झाडाच्या दृष्टीने तिथे कमी दाबाचं एक नवीन टोक उघडतं आणि रस तिकडे धावतो.

काप रोज नवा का द्यावा लागतो? कारण रसवाहिनीत गळती बंद करण्याची सोय आहे. नळी कापली गेली की आतली प्रथिनं आणि कॅलोज नावाचा पदार्थ तोंडाशी बूच बसवतात. आपल्या रक्ताची गुठळी करते तेच काम.

चिकू, आंबा, डाळिंब अशा झाडांत रसवाहिन्या सालीच्या आतल्या बाजूला असतात. गुटी कलम करणारे फांदीची साल गोल काढतात ती म्हणूनच. पाणी आतल्या लाकडातून वर जात राहतं, पण खाली येणारी साखर कापाशी अडते, आणि तिथेच मुळं फुटतात. ताडात मात्र दोन्ही नळ्यांच्या जुड्या खोडभर विखुरलेल्या असतात आणि नव्या नळ्या बनवणारा थरच नसतो. म्हणून ताडाचं कलम होत नाही. त्याच्या खोडात सुरुवातीला बनलेल्या रसवाहिन्यांनाच झाडाच्या आयुष्यभर, कित्येक दशकं काम करावं लागतं.

एकाच माणसाने पाहिलेल्या दोन गोष्टी

साल गोल काढल्यावर कापाच्या वरचा भाग फुगतो, हे सतराव्या शतकात इटलीच्या मार्चेल्लो मालपिगीने अभ्यासलं होतं. आपल्या शरीरातला एक मोठा प्रश्नही त्यानेच सोडवला.

१६२८ मध्ये विल्यम हार्वेने सांगितलं की रक्त बनून संपत नाही, ते गोल फिरतं. पण धमन्यांतून गेलेलं रक्त शिरांमध्ये कुठून येतं, ते त्याला दिसलं नव्हतं. १६६१ मध्ये मालपिगीने बेडकाचं फुप्फुस सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं आणि मधल्या अतिबारीक केशवाहिन्या पाहिल्या. सर्किट पूर्ण झालं.

हृदय हे सर्किट मिनिटाला साधारण ५ लिटर वेगाने चालवतं, म्हणजे दिवसाला सुमारे ७००० लिटर. पण खरं काम केशवाहिन्यांतच होतं. ऑक्सिजन आणि साखर पेशींना देणं, कार्बन डायऑक्साइड आणि युरिया परत घेणं, सगळं तिथेच. या नळ्या इतक्या अरुंद असतात की तांबड्या पेशीला अनेकदा दुमडून पुढे सरकावं लागतं. तिच्यात केंद्रकही नसतं, जागा हिमोग्लोबिनसाठी मोकळी केलेली असते. मजा म्हणजे झाडाच्या रसवाहिनीची पेशीही रस जावा म्हणून आपलं केंद्रक टाकून देते. दोन वेगळ्या सिस्टिम, पण शोधलेला उपाय एकच.

किडनी कचरा शोधतच नाही

किडनीतले रक्त गाळणारे सूक्ष्म गोळेही मालपिगीनेच पहिल्यांदा वर्णन केले. प्रत्येक किडनीत असे सुमारे १० लाख फिल्टर असतात. हृदयातून निघणाऱ्या रक्तातला साधारण पाचवा हिस्सा किडनीकडे जातो.

आपल्याला वाटतं, किडनी रक्तातला कचरा ओळखते आणि बाहेर टाकते. प्रत्यक्षात ती बरोबर उलटं करते. आधी पेशी आणि मोठी प्रथिनं सोडून जवळपास सगळंच गाळून बाहेर काढते: पाणी, मीठ, साखर, युरिया, औषधं. दिवसाला सुमारे १८० लिटर, म्हणजे २० लिटरचे ९ जार! मग पुढच्या नळीत कामाच्या गोष्टी एकेक करून परत घेते. साखर जवळपास सगळी, पाणी ९९ टक्के, मीठ गरजेपुरतं. उरतं ते दीड-दोन लिटर मूत्र.

प्रोग्रॅमिंग करणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल. जावामधला गार्बेज कलेक्टरही असाच विचार करतो. कचरा कोणता, हे तो शोधत बसत नाही. वापरात काय आहे ते राखतो, बाकी सगळं मोकळं करतो. याचा फायदा मोठा आहे. उद्या पोटात एखादा पूर्णपणे नवा पदार्थ गेला, तरी त्याच्यासाठी वेगळा नियम लिहावा लागत नाही. ‘परत घ्या’ यादीत तो नाही, म्हणजे तो बहुतेक वेळा बाहेर.

पण या पद्धतीला दोन गोष्टी सतत लागतात: पुरेशा दाबाने येणारं रक्त आणि पुरेसं पाणी. दोन्हींपैकी एक कमी झालं की फिल्टर मंदावतो.

किडनीचं काम मशीनवर टाकलं की तिची किंमत कळते. विलेम कोल्फ या डच डॉक्टरने १९४३ मध्ये चालणारं पहिलं डायलिसिस मशीन बनवलं, त्यात सॉसेजसाठी वापरतात तसल्या सेलोफेनच्या नळ्या होत्या. आजच्या डायलायझरमध्ये हजारो बारीक पोकळ धागे असतात. आतून रक्त, बाहेरून उलट्या दिशेने स्वच्छ द्रव. एका वेळेला सुमारे ४ तास आणि साधारण १२० लिटर शुद्ध पाणी. हे आठवड्यातून तीनदा, म्हणजे १६८ तासांपैकी १२ तास. किडनी तेच काम १६८ तास करते. सरकारने २०१६ मध्ये राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम सुरू केला, त्यात गरीब रुग्णांना ही सेवा मोफत आहे. पण पाड्यावरून आठवड्यातून तीनदा सेंटरला जायचं म्हणजे त्या दिवसांची मजुरी बुडते आणि सोबत जाणाऱ्याचीही बुडते.

झाडाला किडनी का लागत नाही?

कारण त्याच्याकडे कचराच कमी तयार होतो. आपण प्रथिनं खातो, त्यातला जास्तीचा नायट्रोजन युरिया बनवून फेकावा लागतो. झाडाला नायट्रोजन मिळवणंच कठीण, म्हणून ते तो फेकत नाही. सागाचं पान गळण्याआधी पिवळं पडतं, तेव्हा झाड त्यातला नायट्रोजन काढून घेत असतं.

जे नको असतं ते झाड बंद खोलीत ठेवतं. अळूची भाजी नीट शिजली नाही तर घशाला खाजते ना? ते कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक. झाडाने जास्तीचं कॅल्शियम साठवलं आणि त्याचंच हत्यार केलं. चिकूच्या चिकालाही शाळेत ‘टाकाऊ पदार्थ’ म्हणतात, पण तो मुख्यतः किड्यांपासून बचावासाठी असतो. झाड जागचं हलत नाही, त्याला वजन वाढलं तरी चालतं. आपल्याला हा पर्याय नाही.

नळी तुंबली की

आता हे सगळं एकत्र करून बघूया, कारण पालघरसह महाराष्ट्राच्या आदिवासी पट्ट्यात आढळणारा सिकल सेल आजार नेमका याच सिस्टिमवर घाव घालतो.

या आजारात हिमोग्लोबिनमध्ये एकच छोटा बदल असतो. ऑक्सिजन कमी झाला की हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून काड्या बनवतं आणि गोल, लवचीक पेशी विळ्यासारखी कडक होते. ती केशवाहिनीत दुमडत नाही, अडकते. मागचं ट्रॅफिक थांबतं आणि असह्य वेदना होतात. साधी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही १० ते २० दिवसांत मोडते. म्हणून रक्तही कमी पडतं.

किडनीच्या आतल्या भागात ऑक्सिजन आधीच कमी आणि मीठ जास्त असतं. तिथे या पेशी सहज कडक होतात आणि पाणी परत घेणारा भाग हळूहळू निकामी होतो. मग लघवी जास्त होते, शरीर लवकर कोरडं पडतं. शरीर कोरडं पडलं की आणखी पेशी कडक होतात. हे दुष्टचक्र आहे आणि ते तोडायचा सगळ्यात स्वस्त उपाय पाणी आहे.

पावसाळा संपला की या भागातली बरीच कुटुंबं वीटभट्टी आणि बांधकामावर जातात. उन्हात अंगमेहनत, जवळ पाणी कमी, शौचालय नाही म्हणून बायका पाणी प्यायचं टाळतात, आणि अंग दुखलं की पेनकिलर. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन अशा गोळ्या किडनीकडे जाणारं रक्त कमी करतात. शरीर कोरडं असताना हे आणखी धोक्याचं. सिकल सेल नसलेल्यांच्या किडनीलाही याने इजा होऊ शकते.

काय करता येईल?

सिकल सेलची पहिली चाचणी स्वस्त आणि झटपट असते, ती पॉझिटिव्ह आली तर दुसरी पक्की चाचणी करतात. १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकल सेल निर्मूलन मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी होते. वाहक माणूस सहसा ठणठणीत असतो, त्यामुळे तपासल्याशिवाय कळत नाही. पण आई-वडील दोघं वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणून लग्न ठरवताना दोघांची तपासणी झालेली बरी.

आजार असेल तर हायड्रॉक्सियुरिया हे औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने घेता येतं. उन्हात काम असेल तर तहान लागायची वाट न बघता थोडं थोडं पाणी पीत राहा, पेनकिलर स्वतःच्या मनाने घेऊ नका. ज्यांना आधीच किडनीचा किंवा हृदयाचा आजार आहे, त्यांनी मात्र पाण्याचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

पाणी कमी पडलं की ताड रंध्रं मिटून संध्याकाळपर्यंत थांबू शकतो. किडनीला अशी सोय नाही. तुमच्या घरात किंवा ओळखीत कुणी भट्टीवर, शेतावर, साइटवर काम करत असेल, तर एवढी गोष्ट त्यांच्यापर्यंत नक्की पोचवा.