अठरा ऑगस्टचं आकाश

बसा रे पोरांनो, जरा सरकून बसा. आज १८ ऑगस्ट. ढगांमुळे चांदणी काही दिसायची नाही, तेव्हा आज गोष्टच ऐका. याच तारखेला आभाळात काय काय घडून गेलं, त्याची.

१७८३ ची १८ ऑगस्टची रात्र, नऊ वाजून गेलेले. स्कॉटलंडकडून एक धगधगता अग्निगोल आला आणि इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरून फ्रान्सच्या दिशेने गेला. विंडसरच्या राजवाड्याच्या गच्चीवरून काही मंडळींनी तो पाहिला. त्यांच्यात टॉमस सँडबी नावाचा चित्रकार होता, म्हणून त्या उल्केचं चित्र आजही आहे. आकाशातून दगड पडतात हे तेव्हा विद्वानांनाही पटत नसे!

पण माझी लाडकी गोष्ट १८६८ ची. त्या वर्षी १८ ऑगस्टला श्रावण अमावास्या होती, म्हणजे बैलपोळा. आणि त्याच सकाळी खग्रास ग्रहण! चंद्राची सावली आपल्या किनाऱ्यावर चढली आणि जमखंडी, गुंटूर करत बंगालच्या उपसागराकडे धावली. जमखंडीला दुर्बीण रोखून बसला होता जॉन हर्शेल, युरेनस शोधणाऱ्या हर्शेलचा नातू. गुंटूरला फ्रान्सचे जान्सन. सूर्य झाकला गेला, तशा त्याच्या कडेला तांबड्या ज्वाळा दिसल्या. जान्सनने त्यांचा प्रकाश लोलकातून फोडला. रेषा इतक्या तेजस्वी निघाल्या की त्यांना वाटलं, या ग्रहणाशिवायही दिसायला हव्यात. दुसऱ्याच दिवशी लख्ख उन्हात त्यांनी त्या पाहून दाखवल्या.

तिकडे इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकियर यांनी २० ऑक्टोबरला स्वतःच्या युक्तीने तेच साधलं. आणि गंमत बघा, दोघांची पत्रं पॅरिसच्या अकादमीत एकाच दिवशी वाचली गेली, २६ ऑक्टोबरला. फ्रान्सने पुढे दोघांचे चेहरे असलेलं एकच पदक पाडलं. मला ही गोष्ट फार आवडते. त्या प्रकाशातली एक पिवळी रेषा पृथ्वीवरच्या कुठल्याच मूलद्रव्याशी जुळेना. तेच हेलियम! पृथ्वीवर ते रसायनशास्त्रज्ञ रॅम्झींच्या हाती लागलं १८९५ मध्ये. म्हणजे तुमच्या फुग्यातला वायू आधी सूर्यावर सापडला, मग खाली.

विजयदुर्गावर ‘साहेबाचे कट्टे’ दाखवतात आणि लॉकियरने हेलियम तिथेच शोधलं असं सांगतात. लॉकियर विजयदुर्गला आले हे खरं, पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. गडाचा मान तेवढ्यानेही मोठाच आहे.

पोळ्याच्या त्या ग्रहणानंतर नऊ वर्षांनी, १८७७ मध्ये, वॉशिंग्टनच्या वेधशाळेत एसाफ हॉल मंगळाभोवती चंद्र शोधत होते. दमून सोडून देणार होते, पण पत्नी अँजेलिना यांनी पुन्हा दुर्बिणीकडे धाडलं. १२ ऑगस्टला डायमॉस सापडला आणि १८ च्या पहाटे फोबॉस. त्या काळी खगोलवाले दिवस दुपारी बारापासून मोजत, म्हणून त्यांच्या वहीत त्या पहाटेची तारीख १७ पडली. फोबॉस मंगळाला एक फेरी मारतो साडेसात तासांत आणि वर थोडी मिनिटं. मंगळाचा दिवस मात्र चोवीस तासांहून मोठा. त्यामुळे तिथे उभं राहिलं तर हा चंद्र मावळतीला उगवतो आणि उगवतीला मावळतो! त्याच्यावरच्या सर्वांत मोठ्या विवराला अँजेलिनाबाईंचं माहेरचं आडनाव दिलंय, स्टिकनी.

तुम्ही विचाराल, मग ग्रहण पुन्हा १८ ऑगस्टला का येत नाही? कारण त्याची स्वतःची दिनदर्शिका आहे. चंद्राचे २२३ महिने झाले की, म्हणजे १८ वर्षं, दहा-अकरा दिवस आणि साधारण आठ तासांनी, सूर्य, चंद्र आणि पृथ्वी जवळपास तशीच येतात. या चक्राला ‘सारोस’ म्हणतात. वरच्या आठ तासांत पृथ्वी तिसरा हिस्सा फिरलेली असते, म्हणून सावली दुसऱ्याच मुलखावर पडते. पोळ्याच्या त्या ग्रहणाचा वंशज १३ नोव्हेंबर २०१२ ला ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला दिसला. पुढचा येईल २५ नोव्हेंबर २०३० ला, दक्षिण आफ्रिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंत. तोवर तुमच्यातलं कुणी तिकडे पोचलंच, तर ग्रहणाचा चष्मा लावूनच बघा हं, आणि मला फोन करा.