‘आढळले नाही’ म्हणजे ‘अजिबात नाही’ असे नव्हे

अन्नातील ॲलर्जीकारक घटकांच्या तपासणीबद्दलचा सर्वांत घट्ट गैरसमज असा, की नमुना प्रयोगशाळेत पोहोचला की त्यात जे असेल ते सगळे उघड होते. वस्तुस्थिती अशी, की चाचणी फक्त आधी ठरवलेल्या खुणाच शोधते. सर्रास वापरली जाणारी एलायझा पद्धत पाहा. छोट्या खळग्यांच्या प्लेटवर, समजा, शेंगदाण्याच्या प्रथिनाला धरून ठेवणारी प्रतिपिंडे बसवलेली असतात. पदार्थाचा अर्क त्यात घालून प्लेट धुतली, की अडकलेले प्रथिन तेवढे मागे राहते. मग विकर जोडलेले दुसरे प्रतिपिंड त्याला चिकटते आणि रंग येतो. रंग जितका गडद, तितके प्रथिन जास्त. त्याच नमुन्यात काजू असला, तरी ही प्लेट त्याबद्दल काहीच सांगणार नाही.

रंग आला म्हणजे घटक सापडलाच, हेही खरे नाही. 2015 मध्ये ब्रिटनमध्ये जिरेपूड बदामाच्या संशयावरून बाजारातून परत मागवली गेली. पुढे सरकारी रसायनतज्ज्ञांच्या प्रयोगशाळेने डीएनए आणि मास स्पेक्ट्रोमेट्री या दोन्ही वाटांनी तपास केला, तेव्हा त्या पुडीत बदाम नसून त्याच्याच कुळातले महलेब आढळले. बदामासाठी बनवलेली प्रतिपिंडे महलेबच्या प्रथिनालाही चिकटली होती. यावर कोणी म्हणेल, मग सरळ डीएनएच तपासावा. पण ॲलर्जी होते ती प्रथिनामुळे. अंड्याच्या पांढऱ्यात प्रथिन भरपूर असते, डीएनए मात्र नगण्य. शिवाय कोंबडीचे मांस आणि अंडे यांचा डीएनए एकच. उलट सेलेरीसाठी डीएनएची पीसीआर चाचणीच उपयोगी पडते, कारण गाजर-कोथिंबिरीच्या कुळात प्रतिपिंडांची गल्लत होते. म्हणजे सर्वश्रेष्ठ अशी एकच पद्धत नाही. घटक आणि पदार्थ पाहून ती निवडावी लागते.

अहवालातील ‘आढळले नाही’ या शेऱ्याचा अर्थही मर्यादित आहे: तपासलेल्या काही ग्रॅममध्ये, त्या पद्धतीला दिसू शकेल इतके प्रमाण नव्हते. शेंगदाण्याचा एखादा तुकडा पोत्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात असू शकतो. भाजण्याने प्रथिनाचा आकार बदलून ते अर्कात कमी उतरते. चॉकलेटमधील टॅनिन त्याला धरून ठेवतात. बिअरमध्ये ग्लुटेनचे तुकडे झालेले असतात. दोन प्रतिपिंडांची नेहमीची चाचणी ते कमी मोजते, म्हणून तिथे वेगळ्या रचनेची एलायझा वापरतात.

चाचणी इतकी अपुरी असेल, तर ती करायची कशाला, हा आक्षेप स्वाभाविक आहे. पण चाचणीमुळेच नियमाला आकडा मिळतो. भारतात ‘ग्लुटेन-फ्री’ म्हणवण्यासाठी किलोमागे 20 मिलिग्रॅमची कमाल मर्यादा आहे. मोजणी नसती तर तो दावा नुसता शब्द राहिला असता. यंत्र धुतल्यावर ते खरोखर स्वच्छ झाले का, हेही कारखान्याला तपासणीतूनच कळते. मात्र कच्च्या मालावरील नजर, वेगळी साठवण आणि प्रामाणिक लेबल यांची जागा चाचणी घेऊ शकत नाही. बांधणीच्या हिंगात गव्हाचे पीठ असते, हे लेबलावर छापले असेल तर ते कळायला प्रयोगशाळा लागत नाही. म्हणून ज्यांच्या घरी ॲलर्जीचा रुग्ण आहे, त्यांनी अहवालाबद्दल तीन प्रश्न जरूर विचारावेत: कोणता घटक तपासला, कोणत्या पद्धतीने आणि किती प्रमाणापर्यंत? यांची उत्तरे नसतील, तर त्या अहवालाच्या भरवशावर रुग्णाला तो पदार्थ देऊ नये.