मिशिगन सरोवरातील ट्रोलिंग : आमिषाची खोली आणि वेग

चालत्या होडीमागे आमिष ओढत नेऊन मासा पकडण्याच्या पद्धतीला ट्रोलिंग म्हणतात. अमेरिकेतील मिशिगन सरोवरात ती विशेष बहरली, कारण तेथे अतोनात वाढलेल्या अलवाइफ या लहान माशांना आवर बसावा आणि हौशी मासेमारीलाही चालना मिळावी, म्हणून १९६६ मध्ये कोहो व १९६७ मध्ये चिनूक या सामन माशांची पिल्ले सोडण्यात आली.

उन्हाळ्यात वरचे उबदार आणि खालचे गार पाणी यांच्यामध्ये तापमान झपाट्याने उतरणारा थर तयार होतो, ज्याला थर्मोक्लाइन म्हणतात. सुमारे १२ अंश सेल्सिअसचे पाणी पसंत करणारा चिनूक बहुधा याच्याच आसपास वावरतो. तेथवर आमिष नेणारे साधन म्हणजे डाउनरिगर. होडीच्या काठावर बसवलेल्या या चरखीच्या तारेला साधारण ४ ते ६ किलोंचा गोळा असतो, गळाची दोरी त्याजवळच्या चिमट्यात अडकवतात, आणि मासा झोंबताच ती चिमट्यातून सुटून पुढची झुंज वजनाच्या ओझ्याविना होते. या साधनाचे खरे सौंदर्य या सुटण्यातच आहे.

वेग बहुधा ताशी ३ ते ५ किलोमीटर ठेवतात, मात्र खालच्या प्रवाहामुळे आमिषाचा प्रत्यक्ष वेग होडीपेक्षा निराळा असू शकतो. होडी वळताना बाहेरच्या बाजूचे आमिष वेगाने, तर आतले संथपणे चालते. म्हणून वळणावर मासा लागल्यास तो कोणत्या बाजूच्या गळाला लागला हे आवर्जून पाहावे आणि होडीचा वेग त्यानुसार बदलावा.